मालिशीवरच्या जुन्या पुस्तकाची कोशनोंद: अभिप्राय कसा लिहावा

कोशातल्या नोंदीवर अभिप्राय मागितला की बहुतेक जण दोनपैकी एक काहीतरी करतात. एक तर ऱ्हस्व-दीर्घ तपासतात, नाहीतर 'नोंद छान, थोडा विस्तार हवा' असं लिहून मोकळे होतात. पहिलं काम मुद्रितशोधकाचं आहे आणि दुसऱ्याचा नोंदलेखकाला काडीचा उपयोग नाही. विषय मालिशीवरच्या जुन्या पुस्तकाचा असला की तिसरा प्रकारही हमखास घडतो: तपासणारा पुस्तक बाजूला ठेवून मालिशीवरच बोलू लागतो. तेल तिळाचं की मोहरीचं, दाब किती, हात वर न्यायचा की खाली. बडोद्यात तर याला ऊत येतो. आखाड्यातले वस्ताद, हाडवैद्य आणि आयुर्वेदाचे वैद्य, तिघेही इथल्या मराठी मंडळात एकाच सतरंजीवर बसलेले असतात आणि तिघांनाही मालिशीतलं कळतं. पण नोंद पुस्तकाची आहे. ते पुस्तक कधी, कुठे, कोणी, कशासाठी काढलं, त्यात नेमकं काय आहे आणि पुढे त्याचं काय झालं, एवढंच तिच्यात हवं. अभिप्रायही एवढ्यावरच हवा.

कोरडे नियम सांगण्यापेक्षा एकच पुस्तक शेवटपर्यंत हाताशी घेऊ: शेख दीन मोहंमद यांचं बाष्पस्नान आणि शॅम्पूइंग (म्हणजे अंग चेपणं) यांवरचं इंग्रजी पुस्तक, ब्रायटन, १८२२. जुन्या मालिश-पुस्तकांच्या नोंदींत होणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुका या एकाच पुस्तकाभोवती गोळा झालेल्या दिसतात, म्हणून सरावाला ते फार सोयीचं आहे.

आधी पुस्तक, मग नोंद

नोंद वाचायच्या आधी पुस्तकाचं आतलं शीर्षकपान डोळ्यांखालून घाला. दोनशे वर्षांपूर्वीचं पुस्तक हातात मिळणं अवघड, पण स्कॅन मिळू शकतं. इंटरनेट आर्काइव्ह, वेलकम कलेक्शन असे डिजिटल संग्रह आधी धुंडाळा. शीर्षकपानावरून सहा गोष्टी वहीत उतरवा: पूर्ण शीर्षक, लेखकाचं नाव तिथे छापलंय तसंच, गाव, प्रकाशक किंवा मुद्रक, साल आणि आवृत्ती. सातवी गोष्ट शेवटच्या पानावरून: पृष्ठसंख्या. प्रस्तावनेची पानं रोमन आकड्यांत वेगळी मोजलेली असतात, ती मजकुराच्या पानांत मिसळू नका.

इथेच पहिला घोळ होतो. या पुस्तकाच्या आवृत्त्या १८२२, १८२६ आणि १८३८ अशा तीन. नोंदलेखक बहुधा जे स्कॅन सापडलं ते वाचतो, आणि नोंदीत साल मात्र पहिल्या आवृत्तीचं देतो. मग तिसऱ्या आवृत्तीत भर पडलेली पत्रं १८२२ची म्हणून कोशात शिरतात. अभिप्रायात सरळ विचारा: 'मजकूर कोणत्या आवृत्तीवरून घेतला आहे?' उत्तर मिळेपर्यंत पानांचे क्रमांक तपासत बसू नका, वेळ वाया जातो. संग्रहाच्या यादीत लिहिलेल्या सालावरही विसंबू नका. यादी करणारा कधीकधी पहिल्या आवृत्तीचं साल तिसरीला चिकटवतो. शीर्षकपान हाच पुरावा.

लेखकाच्या नावाचंही असंच. इंग्रजीत ते डीन महोमेट, डीन महोमेद, साके डीन महोमेद अशा निरनिराळ्या रूपांत छापलं गेलंय. मराठी नोंदीत एकच रूप ठरवून वापरायला सांगा आणि छापील रूपं पहिल्या परिच्छेदात एकदा द्यायला सांगा. म्हणजे शोधणाऱ्याला ती नोंद सापडेल.

नोंद दोनदा वाचा

पहिलं वाचन पेन न घेता, एका बैठकीत. संपल्यावर स्वतःला एकच प्रश्न: या नोंदीवरून पुस्तकात काय आहे ते मला सांगता येईल का? नाही सांगता आलं तर नोंद पुस्तकाची नाही, लेखकाच्या चरित्राची आहे. दीन मोहंमदांच्या बाबतीत असं होणं अगदी स्वाभाविक आहे, कारण चरित्र चटकदार आहे. पाटण्यात जन्म, ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात नोकरी, १७८४ साली आयर्लंडमधलं कॉर्क, १७९४ साली प्रवासवर्णन, १८१० साली लंडनमध्ये हिंदुस्थानी कॉफी हाऊस, दोन वर्षांत दिवाळं, मग ब्रायटनला स्नानगृह. एवढं लिहिल्यावर पुस्तकाला दोन ओळी उरतात. आठशे शब्दांच्या नोंदीत चरित्राला दीडशे शब्द पुरेत. बाकीचं चरित्राच्या स्वतंत्र नोंदीत जावं.

दुसऱ्या वाचनाआधी प्रत्येक वाक्याला क्रमांक द्या. कंटाळवाणं आहे, पण 'दुसऱ्या परिच्छेदात कुठेतरी' असं लिहिलेला अभिप्राय लेखक वाचून सोडून देतो. 'वाक्य ७' लिहिलं की तो वाक्य ७ उघडतो.

आता प्रत्येक वाक्यापुढे चारपैकी एक खूण करा. 'ग्रं' म्हणजे हे ग्रंथात लिहिलेलं आहे. 'ले' म्हणजे लेखकाने स्वतःबद्दल केलेला दावा. 'स' म्हणजे समकालीन दुसऱ्या कोणाचं म्हणणं. 'अ' म्हणजे पुढच्या अभ्यासकाने पुरावा तपासून सांगितलेलं. जुन्या वैद्यकीय पुस्तकांच्या नोंदी बिघडतात त्या या चार गोष्टी एकाच सुरात सांगितल्यामुळे. 'ले' आणि 'स' या वाक्यांत 'त्यांच्या म्हणण्यानुसार', 'पुस्तकात छापलेल्या पत्रानुसार' असं म्हणून ते कोणाचं म्हणणं आहे हे दिसायलाच हवं. 'अ' वाक्याला अभ्यासकाचं नाव आणि पान हवं.

एक कच्चा परिच्छेद जवळून

समजा नोंदीची सुरुवात अशी आहे:

'शेख दीन मोहंमद (१७४९–१८५१) या भारतीय शल्यचिकित्सकाने १८२२ साली लिहिलेला हा जगातील पहिला मसाज-ग्रंथ होय. त्यात त्यांनी स्वीडिश मसाजच्या विविध हातचाली शिकवल्या असून संधिवात, दमा, अर्धांगवायू असे आजार कायमचे बरे होतात हे सिद्ध केले. इंग्लंडला शाम्पूची ओळख त्यांनीच करून दिली. या थोर सुपुत्राला ब्रिटिश राजघराण्याने मानाचे स्थान दिले.'

वाचायला गोड आहे. आता एकेक धागा ओढून पाहू.

जन्मसाल. शॅम्पूइंगवरच्या पुस्तकात लेखकाने आपला जन्म १७४९चा सांगितला आहे. पण त्याच माणसाच्या १७९४च्या प्रवासवर्णनात १७५९ आहे. इतिहासकार मायकेल फिशर यांनी १९९६मध्ये प्रसिद्ध झालेल्या चरित्रग्रंथात १७५९ हेच साल धरलं आहे. वाढवलेली दहा वर्षं कुठे खर्ची पडली तेही पाहण्यासारखं आहे: सैन्यात जाण्याआधी वैद्यकाचं शिक्षण झालं होतं असं सांगायला ती जागा करून देतात. म्हणून हा दुरुस्तीचा मुद्दा एका आकड्याचा नाही. १७४९ ठेवलं तर त्यामागचा शिक्षणाचा दावाही नकळत कोशाच्या नावावर जमा होतो.

शल्यचिकित्सक. त्यांनी लावलेली उपाधी 'शॅम्पूइंग सर्जन' अशी होती. ती व्यवसायाची पाटी, पदवी नव्हे. मराठीत 'शल्यचिकित्सक' लिहिलं की वाचकाला चाकू-कात्री दिसते. उपाधी जशीच्या तशी अवतरणचिन्हांत ठेवायला सांगा.

जगातील पहिला. 'पहिला' हा शब्द दिसला की थांबा. कशातला पहिला, कोणत्या भाषेत, कोणी मोजलं? मालिशीचं विवेचन चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात आहे, सुश्रुतसंहितेत चिकित्सास्थानाच्या चोविसाव्यात आहे. तो स्वतंत्र ग्रंथ नव्हे असं कोणी म्हणेल, तर दुसरी अडचण घरातलीच: बऱ्या झालेल्या रुग्णांच्या हकिगतींचं पुस्तक दीन मोहंमदांनीच १८२०मध्ये काढलं होतं. म्हणजे १८२२चं पुस्तक त्यांचंसुद्धा या विषयावरचं पहिलं नाही.

स्वीडिश मसाज. हा कालविपर्यास आहे. स्टॉकहोमला पेर हेन्रिक लिंग यांची व्यायामसंस्था १८१३पासून होती खरी, पण आज स्वीडिश मसाजच्या म्हणून शिकवल्या जाणाऱ्या फ्रेंच नावांच्या हातचालींची मांडणी डच वैद्य योहान मेत्झगर यांच्याशी जोडली जाते, आणि त्यांचा प्रबंध १८६८चा. ब्रायटनच्या पुस्तकात ती नावं असण्याचा प्रश्नच नाही. 'फिजिओथेरपी', 'स्पा', 'वेलनेस' हे शब्दही याच कारणाने काढायला सांगा.

हातचाली शिकवल्या. ही चूक सगळ्यांत मोठी आणि ती पकडायला पुस्तक उघडावंच लागतं. हे पुस्तक हात कसा चालवावा ते पायरीपायरीने शिकवत नाही. त्यात आजारवार हकिगती आहेत, बऱ्या झालेल्यांची आभाराची पत्रं आहेत, स्तुतीच्या कविताही आहेत. उपचार असा होता: रुग्णाने वनस्पतींच्या वाफेत घाम येईपर्यंत बसायचं, भोवती फ्लॅनेलचा तंबू, तंबूला बाह्या, आणि मर्दन करणारा बाहेर उभा राहून त्या बाह्यांतून फक्त हात आत घालणार. म्हणजे वाफ आणि मर्दन मिळून एक उपचार. नोंदीत नुसता 'मसाज' राहिला तर शीर्षकातलं बाष्पस्नान कुठे गेलं, हा प्रश्न अभिप्रायात विचारलाच पाहिजे.

कायमचे बरे होतात हे सिद्ध केले. पत्रं निवडली कोणी? स्नानगृहाच्या मालकाने. न बऱ्या झालेल्यांची पत्रं छापायचं त्याला कारण नव्हतं. तेव्हा क्रियापद बदला: 'बरे झाल्याच्या हकिगती दिल्या आहेत'. एवढंच. इथे उलट टोकाला जाऊन 'हे सगळं थोतांड होतं' असं लिहायला लावू नका. मालिशीचा गुण येतो की नाही हा वाद मालिशीच्या नोंदीत मिटवावा.

शाम्पू. त्या काळच्या इंग्रजीत शॅम्पूइंग म्हणजे अंग चेपणं, केस धुणं नव्हे. कंसात 'अंगमर्दन' टाकलं की काम भागतं. सगळीकडे 'चंपी' करू नका, मराठी वाचकाला डोक्याचीच मालिश आठवते. 'अभ्यंग'ही नको, त्यात तेल गृहीत आहे आणि इथे आधार वाफेचा आहे. 'करून दिली' यातलं 'त्यांनीच'ही तपासा: लंडनला बेझिल कॉक्रेन यांचं बाष्पस्नानगृह आधीपासून होतं आणि दीन मोहंमद ब्रायटनला जाण्याआधी तिथे कामाला होते.

शेवटचं वाक्य. 'थोर सुपुत्र' कापा. 'मानाचे स्थान' ऐवजी वस्तुस्थिती लिहा: चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या राजांचे शॅम्पूइंग सर्जन म्हणून नेमणूक. वस्तुस्थितीच पुरेशी भारदस्त आहे.

सगळं वजा केल्यावर सुचवण्याजोगी सुरुवात अशी होते: 'शेख दीन मोहंमद (१७५९–१८५१) यांचे बाष्पस्नान व शॅम्पूइंग (अंगमर्दन) या उपचारांचे लाभ सांगणारे इंग्रजी पुस्तक. पहिली आवृत्ती ब्रायटन, १८२२. पुढील आवृत्त्या १८२६ व १८३८. पुस्तकात संधिवात, दमा, अर्धांगवायू इत्यादी विकारांच्या रुग्णांच्या हकिगती व पत्रे असून मर्दनाच्या तंत्राचे तपशीलवार शिक्षण नाही.' पहिलं वाक्य क्रियापदाशिवाय, हीच कोशाची रीत. 'ही नोंद … विषयी आहे' अशी सुरुवात नको.

बडोद्याची भर कुठे घालावी, कुठे नाही

इथल्या तपासनिसाला मोह होतो तो संदर्भ वाढवण्याचा, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण सामान घरातच आहे. मानसोल्लास हा सोमेश्वर तिसरा या चालुक्य राजाचा बाराव्या शतकातला ग्रंथ गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२५पासून तीन भागांत निघाला. कुस्तीवरचं मल्लपुराण त्याच मालेत १९६४मध्ये, संपादक सांडेसरा आणि मेहता. द. चिं. मुजुमदार यांनी संपादलेला दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश बडोद्याचाच. दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रो. माणिकराव यांची परंपरा तर कोणालाही सांगावी लागत नाही. प्राच्यविद्या मंदिर, हंसा मेहता लायब्ररी आणि मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी, या तीन ठिकाणी चकरा मारल्या तर ग्रंथ प्रत्यक्ष पाहता येतील. जाण्याआधी ग्रंथमालेचा क्रमांक लिहून न्या: मल्लपुराण १४४, मानसोल्लासाचा पहिला भाग २८. नुसतं नाव सांगितलं तर शोधणाऱ्याचा आणि तुमचा, दोघांचाही वेळ जातो.

पण यातलं काहीही ब्रायटनच्या पुस्तकाच्या नोंदीत 'उगम' म्हणून घालायला सांगू नका. दीन मोहंमदांनी मानसोल्लास पाहिला होता असा पुरावा नसेल तर तो उगम नव्हे, समांतर परंपरा. असे संदर्भ नोंदीच्या शेवटी 'हेही पाहा'मध्ये बसतात: अभ्यंग, मर्दन, मल्लविद्या. हेच सामान मल्लपुराणाच्या नोंदीत मात्र मुख्य मजकूर होतं. आणि ग्रंथ सुचवताना अध्याय द्या. 'मानसोल्लास पाहावा' म्हणजे लेखकाला तीन भाग चाळायला लावणं. 'तिसऱ्या विंशतीतला (विंशती म्हणजे वीस प्रकरणांचा गट) स्नानभोग पाहावा' म्हटलं की तो तासाभरात परत येतो. अष्टांगहृदयातला 'अभ्यंगमाचरेन्नित्यम्' हा श्लोक सर्रास चरकाच्या नावावर खपवला जातो. तो अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातल्या दुसऱ्या अध्यायातला आठवा श्लोक. नोंदीत दिसला की हे नक्की पाहा.

अभिप्राय कागदावर

प्रत्येक मुद्द्याचे चार भाग: जागा, दोष, पुरावा, सुचवलेलं वाक्य. उदाहरणार्थ: 'वाक्य १. जन्मसाल १७४९. लेखकाच्याच १७९४च्या पुस्तकात १७५९. फिशर यांनीही तेच धरले आहे. सुचवणी: १७५९ करावे, आणि १७४९ हे साल नंतरच्या पुस्तकात आहे एवढी टीप द्यावी.' चार ओळी. यापेक्षा लांब झाला तर बहुधा दोन मुद्दे एकात मिसळलेले असतात, ते सुटे करा.

मुद्द्यांची प्रतवारी करा: चूक, शंका, सूचना. चूक म्हणजे तुमच्या हातात पुरावा आहे. शंका म्हणजे खटकतंय पण पुरावा नाही, तिथे फक्त प्रश्न विचारा. सूचना म्हणजे तुमची आवड. या तिन्हींची सरमिसळ झाली की लेखक तुमची आवड मान्य करून तुमची चूक-दुरुस्ती सोडून देतो, कारण आवड सोपी असते. चुका सगळ्या लिहा. शंका पाच-सहाच्या वर नेऊ नका. सूचना दोन-तीन पुरेत. शुद्धलेखन शेवटी एका वेगळ्या यादीत, नाहीतर ते वर येऊन बसतं आणि बाकीचं बुडतं.

भाषा 'आपण'ची ठेवा. आपल्याकडे नोंदलेखक बऱ्याचदा निवृत्त प्राध्यापक, वैद्य किंवा वस्ताद असतो आणि तपासणारा युनिव्हर्सिटीतला विद्यार्थी. 'तुम्ही चुकलात' ऐवजी 'वाक्य ४मधील विधानाला आधार मिळाला नाही. आपल्याकडे असल्यास पान कळवावे' असं लिहिलं तर काम पुढे सरकतं. वय मोठं आहे म्हणून चूक पोटात घालू नका. 'सर, एक विनंती' म्हणून सुरुवात करा आणि चूक नीट दाखवा. नोंद स्वतः पुन्हा लिहून पाठवणं मात्र टाळा. तेव्हा लेखक एकतर दुखावतो, नाहीतर तुमचा मजकूर तपासल्याशिवाय चिकटवतो, आणि मग तुमची चूक पकडायला कोणी उरत नाही.

संदर्भ तपासताना वर्तुळ पाहा. एका संकेतस्थळाने कोशावरून घेतलं आणि कोशाने त्या संकेतस्थळाचा दाखला दिला, असं वारंवार होतं. दीन मोहंमदांवर १५ जानेवारी २०१९ला गूगलने डूडल केलं. त्या सुमारास आलेले वर्तमानपत्रांतले लेख एकमेकांवरून उतरलेले असण्याची शक्यता धरून चाला. त्या तारखेनंतरचे पाच लेख हे पाच पुरावे नव्हेत. मागे जाऊन अभ्यासग्रंथ गाठा.

कॉपीराइटच्या हक्कांचाही एक मुद्दा. लेखकाचा मृत्यू १८५१चा, त्यामुळे मूळ मजकूर आणि त्यातली चित्रं मोकळी आहेत. भारतात हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. पण आधुनिक अभ्यासकाने लिहिलेली प्रस्तावना, टिपा किंवा अनुवाद यांना हे लागू नाही. नोंदीतलं एखादं वाक्य अचानक फार सफाईदार वाटलं, किंवा त्याची रचना इंग्रजी वळणाची दिसली, तर ते अभ्यासग्रंथातून जसंच्या तसं उतरलंय का ते पाहा आणि संपादकाला वेगळं, खाजगीत कळवा. चित्राखालच्या ओळीत आवृत्तीचं साल आहे ना, तेही पाहा.

दुरुस्त नोंद परत आली की पूर्ण नोंद पुन्हा उपसत बसू नका. बदललेलं वाक्य, त्याच्या आधीचं एक आणि नंतरचं एक, एवढं वाचा. दुरुस्तीत नवी चूक शिरते ती याच सांध्यात: १७५९ केलं जातं आणि पुढच्या वाक्यात 'वयाच्या एकशे दुसऱ्या वर्षी निधन' तसंच राहतं. आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे शोधा. लेखकाने एखादी दुरुस्ती नाकारली आणि कारण दिलं असेल तर दोन्ही बाजू पुराव्यासकट संपादकापुढे ठेवा, कारण दिलं नसेल तर एकदाच पुन्हा विचारा. दुसऱ्या फेरीनंतर आलेल्या सूचना पुढच्या आवृत्तीच्या फाइलला लावून ठेवा, तारीख टाकून.